विद्यार्थी, प्राध्यापक आणि विद्यापीठ-सुधारक : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनकार्याशी अपरिचित असा एकही वाचक या स्मरणिकेला लाभणार नाही, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. महाडचा चवदार तळ्याचा संग्राम, गोलमेज परिषद, पुणे करार, भारतीय संविधान आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर घडलेली धम्मक्रांती हे टप्पे आपल्या विद्यालयातील पाचवीचा विद्यार्थीही क्रमाने सांगतो. तथापि या तेजस्वी प्रसंगांच्या प्रकाशात बाबासाहेबांच्या चरित्राची एक बाजू काहीशी झाकोळून गेली आहे. ती म्हणजे वर्गात बसून शिकणारे बाबासाहेब, वर्गात उभे राहून शिकवणारे बाबासाहेब आणि विद्यापीठातील अध्ययन-अध्यापन कसे असावे, याचा आयुष्यभर विचार करणारे बाबासाहेब. ज्यांचे आयुष्य खडू-फळ्याच्या सान्निध्यात गेले, अशा आम्हां शिक्षकांना ही बाजू विशेष जवळची वाटते.

ही बाजू निवडण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहातून दहावी-बारावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेली मुले-मुली महाविद्यालयांत जातात आणि दिवाळीच्या सुटीत वा आंबेडकर जयंतीला भेटावयास येतात. त्यांना आम्ही आवर्जून विचारतो की, बाळांनो, तेथे काय शिकलात? पुष्कळदा उत्तर येते ते खाली मान घालून. तास होत नाहीत. झाले तर सर टिपणे सांगतात आणि आम्ही ती उतरवून घेतो. परीक्षेच्या आधी बाजारातले गाईड आणतो. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढले, त्या घरातील मुलांच्या वाट्याला हे यावे, याचे दुःख आम्हांस होते. त्या दुःखातूनच आम्ही बाबासाहेबांच्या चरित्राकडे पुन्हा वळलो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक व मुख्याध्यापक होते, ही गोष्ट सहसा ओझरती सांगितली जाते. आमच्या मते ती चरित्राच्या पायाशी आहे. भीमरावांचे पहिले गुरू त्यांच्या घरातच होते. इंग्रजी वाचन आणि भाषांतर यांचा पाया रामजींनी स्वतः घातला. साताऱ्याच्या शाळेत मात्र या मुलास इतरांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याखेरीज तहान भागत नसे. पुढे कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत आले. एकाच खोलीत अवघा संसार. रामजी मुलाला संध्याकाळी लवकर झोपवीत आणि पहाटे दोनला उठवून अभ्यासास बसवीत. पुस्तकासाठी पैसे नसले की लेकीचा दागिना गहाण पडे, पण पुस्तक घरी येई. वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या मुलांना आम्ही हा प्रसंग सांगतो, तेव्हा त्यांना आपल्या घरची आठवण होते.

एल्फिन्स्टन हायस्कूलमधला एक प्रसंग शिक्षकाने विसरू नये असा आहे. शिक्षकांनी भीमरावांस गणित सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. हा मुलगा फळ्याला शिवणार म्हणताच एकच कल्लोळ झाला आणि मुलांनी धावत जाऊन आपापले डबे हलवले. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छाही पूर्ण होऊ शकली नाही. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. संस्कृतचा अभ्यास त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने केला. शाळेत प्रवेश मिळणे आणि शिक्षण मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा भीमराव फळ्यासमोर शिकले. त्यांच्या पुढील सर्व शिक्षणविचाराचे बीज आम्हांस या धड्यात दिसते.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांस स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र भेट दिले. केळुसकर त्यांच्या शाळेतले शिक्षक नव्हते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी पाहिला आणि त्याची चौकशी केली, इतकाच तो संबंध. परंतु त्याच केळुसकरांच्या मध्यस्थीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात शिकू शकले. तेथे कॉलेजचा उपाहारगृहवाला त्यांस चहा-पाणी देत नसे. मात्र प्राध्यापक म्युलर त्यांस पुस्तके आणि प्रसंगी कपडेही देत. एकाच संस्थेत मुलाला तोडणारी माणसे असतात आणि सावरणारीही असतात. विद्यार्थी पुढे जातो तो दुसऱ्या प्रकारच्या माणसांच्या बळावर.

१९१३ साली बी. ए. चा निकाल लागला, त्याच वर्षी फेब्रुवारीत वडिलांचे छत्र हरपले आणि जुलैत बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांच्या बौद्धिक जीवनातील हा सर्वांत मोठा पालट होय. अर्थशास्त्राचे एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्युई, इतिहासाचे जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल, मानववंशशास्त्राचे अलेक्झांडर गोल्डनवायझर अशा अध्यापकांच्या सहवासात ते तीन वर्षे वावरले. तेथील अध्यापनाची रीत वेगळी होती. प्राध्यापकांनी सांगावे आणि विद्यार्थ्यांनी उतरवून घ्यावे, एवढ्यावर तेथे काम थांबत नव्हते. चर्चासत्रात विद्यार्थ्याने स्वतः शोधनिबंध वाचावा, सहाध्यायांनी व प्राध्यापकांनी तो पारखावा आणि विद्यार्थ्याने आपल्या मताचे समर्थन करावे, अशी ती रीत होती. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या अशाच चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातिसंस्थेची यंत्रणा, उत्पत्ती व विकास यांवर निबंध वाचला. साताऱ्याच्या वर्गात ज्याला जातीमुळे कोपऱ्यात बसवले गेले, त्याने जगातील एका अग्रगण्य विद्यापीठात जातीलाच अभ्यासाचा विषय करून टेबलावर ठेवले. पुढच्या वर्षी तो निबंध इंडियन अँटिक्वरी या विद्वत्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अपमानाचे रूपांतर अभ्यासात करण्याची किमया त्यांना या शिक्षणाने शिकवली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राच्या व ग्रेज इनमध्ये कायद्याच्या अभ्यासास लागले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. महायुद्धाचे दिवस होते. त्यांच्या ग्रंथांचे सामान ज्या जहाजावर होते, ते पाणतीराने बुडवले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत तेवढी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. बडोद्याच्या नोकरीत जे घडले ते सर्वश्रुत आहे. एवढा विद्वान अधिकारी, पण राहावयास घर मिळेना आणि कचेरीतील शिपाई कागद दुरून फेकत.

१९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये. येथून त्यांच्या अध्यापकी जीवनास प्रारंभ होतो. आरंभी विद्यार्थ्यांनी या प्राध्यापकाकडे फारसे आदराने पाहिले नाही. अस्पृश्य मनुष्य आपणांस काय शिकवणार, ही भावना त्यामागे होती. परंतु थोड्याच काळात त्यांच्या व्याख्यानांची सखोल तयारी, विषयाची मांडणी आणि आधारांची श्रीमंती यांचा प्रभाव पडला. इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. त्याच वेळी प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली होती. वर्गात विद्यार्थ्यांची दाटी आणि शेजारच्या खोलीत माठावरून वाद, असे ते चित्र आहे. बाबासाहेबांनी या वादापायी तासाची तयारी कमी केली नाही. आपल्या समाजातील जे तरुण आज महाविद्यालयांत अध्यापन करतात आणि ज्यांच्या नेमणुकीकडे अजूनही तिरक्या नजरेने पाहिले जाते, त्यांनी सिडनहॅममधील हे दीड वर्ष ध्यानात ठेवावे, असे आम्हांस वाटते. तिरक्या नजरेला त्यांनी उत्तर दिले ते वर्गात.

परळच्या चाळीत काटकसरीने राहून त्यांनी वेतनातून पैसे शिल्लक टाकले. राजर्षी शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसणारे, अर्धपोटी राहणारे बाबासाहेब आपल्या परिचयाचे आहेत. आम्ही येथे दुसरी एक गोष्ट सांगू इच्छितो. रुपयाच्या प्रश्नावरील आपला डी. एस्सी. चा प्रबंध त्यांनी १९२२ मध्ये सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो जसाच्या तसा स्वीकारला नाही. पुन्हा लिहावयास सांगितले. पैसे संपल्यामुळे ते १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईस परतले होते. येथे बसून त्यांनी निष्कर्षांना धक्का न लावता प्रबंधाची फेररचना केली, तो लंडनला पाठवला आणि त्या वर्षअखेर पदवी मिळवली. या ग्रंथाला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेतच आपल्या विद्यार्थ्याच्या पुष्कळ युक्तिवादांशी आपण सहमत नसल्याचे नमूद केले. मतभेद असूनही शिष्याच्या ग्रंथाला प्रस्तावना देणारा गुरू आणि गुरूशी मतभेद ठेवूनही त्याची प्रस्तावना अभिमानाने छापणारा शिष्य! विद्यापीठ म्हणजे काय, हे समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांस सुचत नाही. परीक्षेत एकदा अपयश आले की पुस्तके मिटून गावी परतणाऱ्या आपल्या मुलांनाही यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. बाबासाहेबांचाही प्रबंध एकदा परत आला होता.

मुंबईस आल्यावर वकिलीबरोबरच अध्यापन चालूच राहिले. १९२५ पासून काही वर्षे त्यांनी एका लेखाविषयक शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवला. त्याच सुमारास त्यांच्या विद्यापीठविषयक चिंतनाला वाचा फोडणारी एक घटना घडली. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. या समितीने काढलेल्या प्रश्नावलीला बाबासाहेबांनी १९२४ च्या ऑगस्टमध्ये लेखी उत्तरे पाठवली. तेव्हा त्यांचे वय अवघे तेहेतीस वर्षांचे होते. हा दस्तऐवज आपल्याकडे फार थोड्यांनी वाचला आहे. म्हणून त्याचा आशय थोडा विस्ताराने सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली, ती त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या वाटाव्यात, अशी ती व्यवस्था होती. बाबासाहेबांनी नेमके याच व्यवस्थेच्या मुळाशी बोट ठेवले. केवळ परीक्षा घेणारी संस्था विद्येची गोडी उत्पन्न करू शकत नाही. विद्यापीठ म्हणजे प्रथमतः अध्यापक आणि विद्यार्थी यांचा समूह असला पाहिजे, ही त्यांची भूमिका. विद्यापीठीय शिक्षणाकडून त्यांची अपेक्षा काय होती? विद्यार्थ्याचे डोके माहितीने भरणे हे त्यांनी दुय्यम मानले. त्याची स्वतःची बुद्धी जागी व्हावी, त्याने मोठमोठ्या ग्रंथकारांचीही चिकित्सा करावी, वस्तुस्थिती कोणती आणि कोणाचे केवळ मत कोणते हे ओळखावे, पुरावा तोलावा. एवढेच नव्हे, तर ज्यांची मते आपणांस मुळीच मान्य नाहीत, त्यांचीही बाजू प्रामाणिकपणे मांडता यावी, असे शिक्षण त्यांना अभिप्रेत होते. प्रतिपक्षाची बाजू न्यायाने मांडण्याची ही अपेक्षा, ज्याच्यावर समाजाने आजन्म अन्याय केला त्याने केलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तिची थोरवी कळते.

दुसरा मुद्दा रचनेचा. पदवीपर्यंतचे शिक्षण महाविद्यालयांकडे आणि पदव्युत्तर शिक्षण व संशोधन विद्यापीठाकडे अशी फारकत करू नये, असे त्यांचे मत होते. संशोधन करणाऱ्या अध्यापकाचा सहवास पदवीच्या विद्यार्थ्याला मिळाला नाही तर त्याचे शिक्षण निःसत्त्व होते आणि शिकवण्यापासून तुटलेले संशोधनही वाळून जाते. म्हणून विद्यापीठाचे प्राध्यापक आणि महाविद्यालयांचे प्राध्यापक यांनी बरोबरीच्या नात्याने एकत्र येऊन सर्व पातळ्यांवर शिकवावे, असे त्यांनी सुचवले. तिसरा मुद्दा अध्यापकाच्या अधिकाराचा. जो शिकवतो त्याच्या हाती अभ्यासक्रम आणि परीक्षा यांचे नियंत्रण असावे. अन्यथा अध्यापक हा परक्याने आखलेल्या अभ्यासक्रमाचा आणि परक्याने काढलेल्या प्रश्नपत्रिकेचा गुलाम होतो आणि विद्यार्थी फक्त परीक्षेपुरते वाचू लागतो. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी केलेले हे निदान आजच्या कोणत्या महाविद्यालयास लागू पडत नाही?

येथे कोणी असे समजेल की, इतका उच्च दर्जा मागणारा विचारवंत मूठभर बुद्धिमंतांसाठीच विद्यापीठ इच्छित असेल. तसे मुळीच नव्हते. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात नियुक्त सदस्य म्हणून आल्यावर त्यांनी आरंभीच शिक्षणखर्चाचा प्रश्न हाती घेतला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात, हे त्यांनी सभागृहाच्या निदर्शनास आणले. म्हणजे दाखल्याची संख्या पाहून समाधान मानू नका, शिकून किती बाहेर पडले ते पाहा, हा त्या आकड्यांचा अर्थ. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवरील चर्चेत त्यांनी प्रतिपादन केले की, उच्चतम शिक्षण गरीब व गरजू यांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत कार्य आहे. विद्यापीठाच्या कारभारात मागासवर्गीयांचे प्रतिनिधी असल्याखेरीज विद्यापीठाला या कार्याचे भान राहणार नाही. इतर ऐहिक लाभ एक वेळ सोडता येतील, परंतु उच्च शिक्षणाचा हक्क सोडता येणार नाही, हीही त्यांची धारणा होती.

१९२४ चे निवेदन आणि १९२७ ची भाषणे ही एकत्र वाचली पाहिजेत, असा आमचा आग्रह आहे. आज दर्जा आणि समता यांची गाठ सोडवून त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची प्रथा पडली आहे. मागासांना प्रवेश दिला म्हणून दर्जा घसरला, असे एक वर्ग म्हणतो. दुसरीकडे आपल्यातीलही काही जण प्रवेश आणि पदवी मिळाली म्हणजे सारे मिळाले, असे मानून दर्जाचा विषय विरोधकांचा म्हणून टाळतात. बाबासाहेबांनी दोन्ही मागण्या एकाच श्वासात केल्या. विद्यापीठाचे दार सर्वांना उघडे असावे आणि दाराच्या आत जे मिळते ते अस्सल असावे. गरिबाच्या मुलाला दार उघडून आत नकली शिक्षण देणे, ही त्याची दुहेरी फसवणूक आहे. श्रीमंताचे मूल वाईट तासाची भरपाई घरच्या पुस्तकांनी, खासगी शिकवणीने करू शकते. आपल्या मुलाजवळ वर्गातल्या त्या एका तासाखेरीज काय असते?

१९३५ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९३८ पर्यंत त्या पदावर राहिले. चळवळीच्या ऐन धामधुमीचा हा काळ. येवल्याची घोषणा आणि स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना याच काळातली. तरीही १९३६ मध्ये कॉलेजच्या नियतकालिकात त्यांनी कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. कलमे पाठ करून वकील घडत नाही. त्यास विचारांची शिस्त, विषयाची सुसंगत मांडणी आणि कायद्याबाहेरील ज्ञानशाखांचीही ओळख हवी, हा त्यांच्या विचाराचा रोख होता. आधुनिक भारताच्या घटनेचा मसुदा ज्यांच्या हातून घडावयाचा होता, ते तत्पूर्वी कायदा कसा शिकवावा याचा विचार करत होते, हा योगायोग खचित नव्हे.

विचार मांडून बाबासाहेब थांबले नाहीत. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा कचेरीत, गिरणीत काम करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. महाविद्यालयाचे दार सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी खुले होते. प्राध्यापक निवडताना जात पाहिली नाही, विद्वत्ता पाहिली. संस्कृतचे नामवंत प्राध्यापक अ. बा. गजेंद्रगडकर यांच्याकडे प्राचार्यपद सोपवण्यात आले. ज्या मुलाला शाळेत संस्कृत नाकारले गेले, त्याने आपल्या महाविद्यालयाची धुरा एका संस्कृत पंडिताच्या हाती द्यावी, यातला उदारपणा नजरेआड होऊ नये. विद्यार्थ्यांना लोकशाहीचे शिक्षण मिळावे म्हणून तेथे विद्यार्थी-संसद भरत असे. स्वतः बाबासाहेबांनी तेथे हिंदू कोड बिलावर व्याख्यान दिले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेला आपला ग्रंथसंग्रहही त्यांनी सिद्धार्थच्या विद्यार्थ्यांसाठी दिला.

मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानातून नुकताच मुक्त झाला होता. उच्च शिक्षणासाठी मुलांना दूर हैदराबादची वाट धरावी लागे आणि उस्मानिया विद्यापीठातील शिक्षण उर्दू माध्यमातून चालत आलेले. अशा वेळी १९ जून १९५० रोजी बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परिसराला नागसेनवन आणि पुढे महाविद्यालयाला मिलिंद ही नावे त्यांनी दिली. या नावांत त्यांचा अवघा शिक्षणविचार सामावला आहे. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारणारा आणि भिक्खू नागसेन उत्तर देणारा. मिलिंदपञ्हात अशी कथा आहे की, चर्चेच्या आरंभी नागसेनांनी राजाला विचारले, ही चर्चा पंडितांसारखी करावयाची की राजांसारखी? पंडितांच्या चर्चेत एकाचा मुद्दा खोडला गेला तरी तो रागावत नाही. राजे मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. राजाने पंडितांची रीत पत्करली. वर्ग कसा असावा, याचा हा बौद्ध आदर्श आहे. विद्यार्थ्याने निर्भयपणे विचारावे, शिक्षकाने न रागावता समजावून द्यावे आणि खरे ठरेल ते दोघांनीही स्वीकारावे.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी देऊन गौरवले. ते या समारंभासाठी गेले, त्याच आठवड्यात त्यांचे गुरू जॉन ड्युई यांचे वयाच्या ९२ व्या वर्षी निधन झाले. गुरुशिष्यांची भेट राहूनच गेली. पण गुरूकडून घेतलेले देणे तोवर औरंगाबादच्या माळावर उभे राहिले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

आता थोडे स्वतःविषयी. आम्ही ज्या महाविद्यालयात शिकलो, तेथे इतिहासाचे एक प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या वहीतून टिपणे सांगत आणि आम्ही ती जशीच्या तशी उतरवून घेत असू. त्यांना प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानले जाई. त्याच टिपणांच्या बळावर आम्ही एम. ए. झालो. शिक्षक झाल्यावर कित्येक वर्षे आम्हीही तेच केले, हे येथे कबूल केले पाहिजे. १९२४ चे ते निवेदन हाती पडले, तेव्हा आम्हांला आपल्याच वर्गाकडे पाहण्याची लाज वाटली. तेव्हापासून नववी-दहावीच्या इतिहासाच्या तासाला आम्ही एक छोटासा नियम पाळतो. प्रत्येक धड्यावर विद्यार्थ्याने किमान एक प्रश्न स्वतः काढावयाचा आणि एखाद्या वादाच्या विषयावर आधी दुसऱ्या पक्षाची बाजू लिहावयाची, मग आपली. प्रारंभी मुले गोंधळतात. वर्षअखेरीस तीच मुले आम्हांस अडचणीत आणणारे प्रश्न विचारतात आणि आम्हांस ग्रंथालयात जावे लागते. याहून मोठे समाधान शिक्षकास कोणते?

महाविद्यालयांतील रिक्त जागा, तासिका तत्त्वावर अल्प मानधनात राबणारे उच्चशिक्षित तरुण आणि ओस पडलेली ग्रंथालये हे प्रश्न आमच्या एका नियमाने सुटणारे नाहीत. त्यांसाठी शासनाशी लढावेच लागेल. परंतु प्रवेशासाठी जसा लढा आपण दिला, तसा चांगल्या तासासाठी आपण कधी दिला आहे काय? शिष्यवृत्ती थकली तर आपण मोर्चा काढतो, आणि तो काढलाच पाहिजे. मात्र वर्षभर तास झाला नाही, याबद्दल कोणी निवेदन दिल्याचे आम्ही ऐकले नाही. चांगले शिकवले जाणे हाही हक्क आहे, आणि तो मागण्याची दीक्षा बाबासाहेबांनी आपल्याला दिलेली आहे.

म्हणून या विद्यालयातून महाविद्यालयात जाणाऱ्या आमच्या मुला-मुलींना एवढेच सांगणे आहे. तुम्ही पहिल्या बाकावर बसा. तास न झाल्यास नम्रपणे विचारणा करा. मूळ ग्रंथ उघडा. प्रश्न विचारताना भिऊ नका. तुम्ही मिलिंदाच्या परंपरेतले आहात. आणि तुमच्यापैकी जे उद्या प्राध्यापक होतील, त्यांनी आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावर रागावू नये. ते नागसेनाच्या परंपरेतले असतील. या दोन्ही परंपरा ज्यांनी आपल्या हाती सोपवल्या, त्या महामानवाच्या स्मृतीस आम्हां सर्व शिक्षकांचे विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय! जय भीम!